डाव्या पायाची कोर

परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारलं, "काय करतेस गं हल्ली?" की मी खरं ते सांगते, "धार लावते." समोरच्या काकू आधी हसतात, मग माझ्या आईकडे बघतात. आई सावरून घेते, "स्पोर्ट्स इक्विपमेंटमध्ये आहे ती. टेक्निकल साइडला." मग काकूंना बरं वाटतं.

पण मी धारच लावते. इथल्या एका मॉलच्या वरच्या मजल्यावर बर्फाचं रिंक आहे. बाहेर बारा महिने घाम, आत बारा महिने स्वेटर. रिंकला लागून एक बिनखिडकीची खोली आहे, तिथे आमचं दुकान. आम्ही म्हणजे मालक अंकल लिम, एक ग्राइंडर आणि मी. स्केट्सच्या पात्यांना धार लावायची, बुटांना पाती बसवायची, सैल झालेले स्क्रू बदलायचे. मंडळाच्या अंकाच्या संपादकांनी 'नोकरीतले अनुभव' मागितले तेव्हा मी आधी नाही म्हटलं होतं. माझी शाळा इंग्रजी, मराठी घरापुरती. हा लेख आईने शुद्धलेखनासाठी वाचला आहे. तिच्याबद्दलचा एक परिच्छेद तिला काढून टाकायचा होता. तो मी ठेवला आहे.

आधी धंदा सांगते. स्केटचं पातं सुरीसारखं टोकदार नसतं. ते जाड असतं आणि त्याच्या तळाला लांबीभर एक पन्हळ कोरलेली असते. त्या पन्हळीमुळे पात्याला दोन कडा येतात, एक पायाच्या आतल्या बाजूची, एक बाहेरची. चांगला स्केटर कायम कुठल्या तरी एकाच कडेवर असतो, दोन्हींवर नाही. कडा एकसारख्या उंचीच्या ठेवणं हे माझं काम. एक जरा खाली राहिली तर पाय घसरतो, आणि घसरणाऱ्याला कळत नाही का ते.

आता तो परिच्छेद. मी लहानपणी याच रिंकवर शिकायचे. आई कठड्यापाशी उभी असायची. ती जळगावची. कोच 'आउटसाइड एज' म्हणून ओरडला की ती मला कळावं म्हणून मराठीत ओरडायची, "बाहेरची कोर! अगं, बाहेरची कोर!" भाकरीची कोर, चंद्राची कोर, तशी पात्याची कोर. बाकीच्या आयांना वाटायचं ती काहीतरी मंत्र म्हणते आहे. मी स्केटिंग सोडलं ते त्या ओरडण्यामुळे नाही. मला बर्फ आवडायचा, बघणारे आवडायचे नाहीत. पण शब्द घरात राहिला. आजही ग्राइंडरपाशी बसले की मनात 'एज' येत नाही, 'कोर' येते.

या धंद्यात विश्वास नावाची गोष्ट नसते. धार डोळ्यांना दिसत नाही. मुलगी पडली की पातं वाईट, जिंकली की मुलगी हुशार. एक आई मुलीच्या बुटांसोबत खुर्ची ओढून बसायची, कारण तिची खात्री होती की मी तिच्या मुलीच्या मैत्रिणीला जास्त चांगली धार लावून देते. आइस हॉकी खेळणारे एक गृहस्थ घरी किचनच्या दगडावर पाती घासायचे आणि मग आमच्याकडे आणून म्हणायचे, "तुमच्या मशीनने बिघडवलं." मी कुणाशी वाद घालत नाही. वाद अंकल लिम घालतात.

या सगळ्यांत पहिला नंबर गुलायचा.

गुलाय तुर्कस्तानची. फिगर स्केटर, आणि मुलींना नुसतं शिकवणारी नव्हे, खरोखर देशासाठी स्पर्धेत उतरणारी. या खेळात तिशी जवळ आली की लोक निरोपाचं बोलायला लागतात. ती तिथवर पोचली होती. याच शहरात, पुंगोलला तिची बहीण राहते, लहान मुलं असलेली. तिच्याकडे राहून गुलाय सकाळी चिमुरड्यांना बर्फावर चालायला शिकवायची आणि उरलेल्या वेळात स्वतःचा सराव करायची. सोबत कोच नाही. हे मला फार नंतर कळलं. सुरुवातीला कळलं ते एवढंच, की ही बाई एकटी आहे, कुणाशी बोलत नाही, आणि बूट हातातून सोडत नाही.

बाकीचे बूट टाकून खाली फूड कोर्टात जातात. गुलाय स्टुलावर माझ्या अगदी समोर बसायची. धार लावायच्या आधी फोनने पात्याचे फोटो, नंतर पुन्हा फोटो. पात्यांच्या मागच्या टोकाला तिने नखांच्या लाल पॉलिशचे ठिपके लावून ठेवले होते. का, ते विचारल्यावर म्हणाली, "बदललं तर कळावं म्हणून."

"कोण बदलणार?"

तिने खांदे उडवले. "तू कुठे शिकलीस हे काम?"

(आम्ही इंग्रजीत बोलायचो. मराठीत लिहिताना 'तू' लिहिते आहे, पण अंतर 'तुम्ही'चं होतं.)

मला वाटलं ही आमच्याविरुद्ध पुरावे गोळा करते आहे. कुठेतरी तक्रार करणार, आणि फोटोत माझे हात असणार. रिंकवर कुजबूज होतीच. तिला तिकडून काढून टाकलं आहे, तिचं पंचांशी भांडण झालं आहे, नाहीतर विषुववृत्ताजवळ येऊन बर्फावर कोण सराव करतं? मी कुजबुजीत भाग घेत नाही, पण ऐकते सगळं.

अंकल लिम म्हणाले, "धिस वन ट्रबल, ला. शी से शार्पन, यू शार्पन. नथिंग एल्स. कॅन?"

"कॅन," मी म्हटलं.

तिचं खरं भांडण एका अक्षराशी होतं. लुट्झ नावाची एक उडी असते. डाव्या पायावर मागे सरकत यायचं, बाहेरच्या कोरेवर झुकायचं, उजव्या पायाचं टोक मागे बर्फात रोवायचं आणि उडायचं. अंग एका बाजूला झुकलेलं आणि गिरकी दुसऱ्या बाजूला, म्हणून ती अवघड आणि म्हणून तिला गुण जास्त. पण उडायच्या ऐन क्षणी पाय आतल्या कोरेवर कलंडला तर ती खरी लुट्झ नाही. तांत्रिक पंच व्हिडिओ मागेपुढे करून बघतात आणि निकालात उडीच्या नावाशेजारी एक छोटं इंग्रजी 'ई' टाकतात. म्हणजे कोर चुकली. उडीचे गुण तिथेच कमी होतात.

गुलायच्या लुट्झपुढे कितीतरी वर्षं तो 'ई' पडत होता. जागतिक स्पर्धेला जायचं तर आधी कुठल्यातरी आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ठरावीक तांत्रिक गुण मिळवून दाखवावे लागतात. ते न मिळाल्यास देशात पहिल्या आलात तरी घरी बसा. प्रत्येक मोसमात ती थोडक्यात खाली राहायची, आणि ते थोडकं त्या एका अक्षराएवढंच असायचं. तिचं म्हणणं, पंच छोट्या देशांच्या मुलींना बघण्याआधीच अक्षर टाकून ठेवतात. यंदा शेवटची संधी आमच्याच रिंकवरच्या स्पर्धेत होती, महिन्याभराने. त्यानंतर ती थांबणार होती. हे ती मला सांगायची असं नाही. फोनवर बहिणीशी इंग्रजी-तुर्की मिसळून बोलायची आणि मी समोर असायचे.

तुर्की ऐकून ऐकून मला वाटायला लागलं होतं की मला ते कळतं. दुकान त्यांच्यातही दुकान. साबण जवळपास साबणच. बाबा म्हणजे बाबा. आत आल्यावर ती विचारायची, "हाझिर?" म्हणजे तयार आहे का. मी मनात म्हणायचे, हजर. घरी जेवताना आईला हे सांगितलं तर ती खूश झाली. "गुलाबाईला घेऊन ये एकदा घरी," म्हणाली. गुलाबाई म्हणजे आमच्या खानदेशातली, भाद्रपदात मुली जिची गाणी म्हणतात ती. त्या दिवसापासून आमच्या सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये गुलायचं नाव गुलाबाईच झालं.

एका दुपारी ती सराव अर्धवट सोडून आली. चिडलेली. बूट माझ्यासमोर आपटले, पण लगेच काउंटरवरून उचलून हलकेच ठेवले. फोन कानाला होता. माझ्याकडे बघत, मला कळू नये म्हणून तुर्कीत, ती बहिणीला म्हणाली, "...सोल... कोर." पुन्हा एकदा, जोर देऊन, "सोल यिने कोर!"

मला ते लख्ख कळलं. सोल म्हणजे बुटाचा सोल. कोर म्हणजे कोर. ही म्हणते आहे की सोल आणि कोर जुळत नाहीत, मी पातं वाकडं बसवलं आहे. मी तर तिचं पातं कधी बसवलंच नव्हतं, नुसती धार लावायचे. आळ माझ्यावर येतो आहे असं वाटलं की माझे कान गरम होतात आणि मी जास्तच शांत होते. डावा बूट उलटा केला, टाचेच्या मध्यापासून पुढच्या टोकाच्या मध्यापर्यंत स्टीलची पट्टी धरली आणि पाहिलं.

पातं मध्यावर नव्हतं. टाचेपाशी बाहेरच्या बाजूला सरकलेलं होतं, अगदी जरासं. उजवं तपासलं. ते सरळ होतं.

"काय करतेस?" गुलायने फोन बंद केला.

"तू म्हणालीस ना, सोल आणि कोर."

"मी काय म्हणाले?"

"सोल. कोर."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जशी मी चोरून तिची डायरीच वाचली होती. मग तिचा चेहरा हळूहळू बदलला. "सोल म्हणजे डावा. कोर म्हणजे आंधळा. पातं आंधळं, म्हणजे धार नसलेलं. मी म्हणत होते, 'डावं पुन्हा बोथट.' मी तुझी तक्रार करत होते!"

"आमच्यात कोर म्हणजे धारेची कड."

"तुमच्यात धार, आमच्यात बोथट?"

"हो."

ती हसली. मी तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं. पण माझ्या हातात बूट अजून उलटाच होता. मी पट्टी पुन्हा लावून दाखवली, आणि हसू गेलं.

गोष्ट साधी आहे. पातं बाहेरच्या बाजूला असेल तर वजन त्याच्या आत पडतं आणि पाय सारखा आत कलतो. आतल्या कोरेवरच सगळा भार, म्हणून डावं पातं सारखं बोथट होतं. आणि बाहेरच्या कोरेवर टिकायचं म्हटलं तर दरवेळी स्वतःच्या बुटाशी झगडायचं. लुट्झच्या ऐन क्षणी बूट जिंकत होता.

"कुणी बसवलं हे पातं?" मी विचारलं.

"माझ्या बाबांनी."

तिचे वडील इझमितला कारखान्यात लेथ चालवायचे. ती लहान असल्यापासून तिच्या प्रत्येक नव्या बुटाला पातं त्यांनीच बसवलं. दर उन्हाळ्यात ती नवे बूट घेऊन घरी जायची आणि ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर ड्रिल घेऊन बसायचे. जगात सगळ्यांवर संशय घेणारी ही बाई फक्त त्या एका माणसाच्या स्क्रूंवर संशय घेत नव्हती.

"माझे बाबा चुकत नाहीत," ती म्हणाली. "बूट ठेव खाली. तू काहीतरी विकायला बघते आहेस."

बूट घेऊन ती निघून गेली. अंकल लिम आतून म्हणाले, "आय टोल्ड यू, ला."

चार-पाच दिवस ती आली नाही. मग आली आणि स्टुलावर बसली. "काढून दाखव," म्हणाली. फोनचा कॅमेरा चालू. "फक्त डावं. माझ्यासमोर."

स्क्रू काढले. पातं उचललं. त्याखाली चामड्याच्या सोलवर पेन्सिलच्या दोन रेघा होत्या. एक टाचेच्या बरोबर मध्यातून गेलेली, पट्टीने आखलेली, बारीक. दुसरी तिच्या शेजारी, बाहेरच्या अंगाला, तितकीच सरळ. पातं दुसऱ्या रेघेवर होतं.

म्हणजे मध्य कुठे आहे हे त्यांना माहीत होतं.

मी कामापुरतं सांगितलं, की ही चूक नाही. लेथवरचा माणूस चुकून दोन रेघा मारत नाही. हे सांगताना मलाच वाईट वाटलं, कारण चूक निघाली असती तर बरं झालं असतं. आणि मनात आलं ते लिहितेच: वडील म्हणून काय झालं? मुलगी हरून का होईना परत घरी यावी असं वाटणारे बाप मी पाहिले आहेत.

तिने तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ, मागे भिंतीवर घड्याळ. तिने कॅमेरा सोलवरच्या रेघांकडे वळवला. मग ते हळू आवाजात बोलायला लागले. मी ग्राइंडर पुसत होते, पण कान तिकडेच. एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता. "दुश्मे... दुश्मे दिये, कझम." दुश्मन, मी मनात म्हटलं. कुणीतरी दुश्मन आहे. कुणीतरी त्यांना हे करायला लावलं.

पण एकदा हात पोळला होता. फोन बंद झाल्यावर मी विचारलं, "दुश्मे म्हणजे काय?"

गुलाय रेघांकडेच बघत होती. "पडू नये. 'तू पडू नयेस म्हणून, पोरी.'"

ती चौदा-पंधरा वर्षांची असताना डावा घोटा बाहेरच्या बाजूला मुरगळून ती वाईट पडली होती. त्यानंतरच्या पहिल्या बुटाला वडिलांनी पातं जरासं बाहेर सरकवलं, म्हणजे पाय कलला तर आत कलेल, बाहेर नाही. घोटा बरा झाला. बूट बदलत गेले. दुसरी रेघ राहिली. लुट्झचा 'ई' त्यांना कळत नव्हता असं नाही. ते फक्त म्हणाले, अक्षराने हाड मोडत नाही.

"इतकी वर्षं मी पंचांना शिव्या घातल्या," गुलाय म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "तुला काय वाटतं, हलवावं?"

हा प्रश्न मला नको होता. पातं मध्यावर आणलं तर लुट्झ त्या 'ई'मधून सुटण्याची आशा होती. पण बाकीच्या सगळ्या उड्या तिच्या पायाला या तिरक्या बुटावरच येत होत्या. फ्लिप नावाची उडी तर आतल्याच कोरेवरून घेतात, आणि ती तिची सगळ्यात खात्रीची. स्पर्धेला थोडेच दिवस होते. शिवाय पडली तर नाव कुणाचं येणार ते मला दिसत होतं, फोटोंसकट. मी हे सगळं सांगितलं, शेवटचं सोडून.

"सगळं सांगितलंस?" तिने विचारलं.

"नाही. पडलीस तर तू मला जबाबदार धरशील, असं वाटतं."

"धरीन," ती म्हणाली. "हलव."

जुनी भोकं लाकडी खुंट्यांनी बुजवली, नवी पाडली, पातं पहिल्या रेघेवर आणलं. अंकल लिम मागे उभे राहून बघत होते. नको म्हणाले नाहीत. त्यांच्यापुरता तो आशीर्वाद होता.

पुढचे दिवस ती नुसती पडत होती. दुकानातून धप् असा आवाज यायचा आणि मी मान वर करायचे. ती उठायची, बर्फ झटकायची, आमच्या दाराकडे एकदा बघायची आणि पुन्हा जायची. त्या बघण्यात काय असायचं ते मी ठरवू शकले नाही. मी दार लोटून घ्यायचे.

स्पर्धेच्या दिवशी मी हत्यारांची पेटी घेऊन रिंकच्या कडेला होते. कुणाचा स्क्रू सुटला तर लागतं कुणीतरी. गुलायची पहिलीच उडी लुट्झ होती. ती मागे सरकत आली, लांबलचक, आणि मी फक्त डावं पातं बघत होते. बाहेरच्या कोरेवर. अजून बाहेरच्या. माझ्या तोंडून आईसारखंच निघालं, "बाहेरची कोर!" शेजारचा कर्मचारी दचकला. ती उडाली, उतरली. पुढची फ्लिप. ती आतल्या कोरेवरून उठायची उडी. पाय आत टिकला नाही, आणि ती पडली. नंतरही एकदा हात टेकले.

संपल्यावर स्केटर एका बाकावर बसून गुणांची वाट बघतात, कॅमेरा समोर. शेजारी कोच बसतो. गुलायला कोच नव्हता. तिने कठड्यावरून मला हाक मारली. मी मान हलवून नाही म्हटलं. तिने पुन्हा बोलावलं. सगळे बघत होते, आणि न जाणं हे जाण्यापेक्षा जास्त दिसलं असतं. एप्रनसकट जाऊन बसले. मला खात्री होती, ही मला आरोपी म्हणून बसवते आहे.

गुण आले. हवे होते त्याहून कमी. यंदाही थोडक्यात, आणि आता पुढचा मोसम नव्हता. गुलायने आकड्याकडे पाहिलं आणि काहीच केलं नाही. नंतर तपशिलाचा कागद आला तेव्हा मात्र तिने तो माझ्या हातातून जवळजवळ ओढला, बोट लुट्झवर ठेवलं. उडीच्या नावाशेजारी काही नव्हतं. कोरी जागा.

"बघ," ती म्हणाली. "आंधळे नाहीत ते पंच."

तिने मला धरलं नाही. मी वाट बघत राहिले. आठवडा गेला. तक्रार आली नाही, ईमेल आला नाही.

मग एका सकाळी ती बूट घेऊन आली. काउंटरवर ठेवले. "परत लाव. बाबांच्या रेघेवर."

"आता तर सरळ झालंय," मी म्हटलं. "लुट्झ सुटली ना."

"सुटली. एकदा दिसली, पुरे. आता दिवसभर वाकून लहान मुलांना धरायचं आहे. माझी कोर कुणी बघणार नाही. आता मला पडायचं नाहीये."

मी स्टूल पुढे ओढलं, नेहमीसारखं. ती बसली नाही. "खाली कोपी घेऊन येते. तुला?"

"नको."

ती गेली. दार बंद होईपर्यंत मी बघत होते. फोटो काढला नव्हता. पात्यांवरचे लाल ठिपके तिने पुसून टाकले होते, किंवा आपोआप गेले असतील. मला वाटलं काचेपलीकडे कुठेतरी उभी राहून बघत असेल. जाऊन पाहिलं. नव्हती.

पातं काढलं. दोन्ही रेघा होत्या तशाच होत्या. मी माझी भोकं बुजवली आणि पातं दुसऱ्या रेघेवर बसवलं. मग धार लावली, डाव्याला आधी. नखावर घासून पाहिली, पट्टी लावून पाहिली, पुन्हा पाहिली. यावेळी कुणी तपासणार नव्हतं, म्हणून जास्त वेळ लागला.

ती कोपीचे, म्हणजे इथल्या कॉफीचे, दोन कप घेऊन परत आली. मी नको म्हटलं होतं तरी.

"हाझिर?"

"हजर," मी म्हटलं.

तिने बूट पिशवीत टाकले, उलटे करून न बघता, आणि चिमुरड्यांच्या रांगेकडे गेली.